पोमोनाचा रविवार आणि पुढचे हजार मैल

घरी जुनी गाडी असलेलं कुणी अमेरिकेच्या पश्चिमेची सहल आखतंय असं कळलं, की मी पहिला प्रश्न एकच विचारते: पोमोनाचा रविवार कुठला धरलाय?

पोमोना हे लॉस एंजेलिसच्या पूर्वेला तीसेक मैलांवरचं शहर. तिथे फेअरप्लेक्स नावाचं मोठं मैदान आहे, लॉस एंजेलिस काउंटीची जत्रा 1922 पासून तिथेच भरते. याच मैदानावर वर्षातून साधारण सात रविवारी जुन्या गाड्या आणि त्यांच्या सुट्या भागांचा बाजार लागतो. त्याला स्वॅप मीट म्हणतात. पुण्याचा जुना बाजार नाहीतर मुंबईचा चोर बाजार ज्यांनी पालथा घातलाय त्यांना इथला रंगढंग ओळखीचा वाटेल. फक्त इथे भांडी, घड्याळं, ग्रामोफोन असलं काही नाही. नजर जाईल तिथवर बंपर, ग्रिल, कार्बोरेटर, स्टीअरिंग आणि दिव्यांच्या रिंगा.

बहुतेक जण आखणी उलटी करतात. आधी ग्रँड कॅनियन आणि लास व्हेगासची हॉटेलं ठरवतात आणि मग बाजार कुठे बसतो का ते पाहतात. तो बसत नाही. कॅनियन रोज तिथेच असतो, बाजार मात्र त्या एकाच दिवशी, पहाटे 5 ते दुपारी 2 एवढाच. म्हणून आधी रविवार ठरवा, मग विमान, मग गाडी आणि शेवटी हॉटेलं. हा क्रम मोडू नका.

तारीख निवडताना

बाजाराच्या तारखा वर्षभर आधी जाहीर होतात, पण तिकीट काढण्याआधी आयोजकांच्या वेळापत्रकात त्या पुन्हा पाहून घ्या. पुढे वाळवंटातून जायचं असेल तर मार्च, ऑक्टोबर किंवा त्याच्या आसपासचा रविवार पकडा. जून ते ऑगस्टमध्ये मोहावीच्या वाळवंटात दुपारी गाडीबाहेर दहा मिनिटंही उभं राहवत नाही. जवळच्याच डेथ व्हॅलीत 10 जुलै 1913 रोजी 56.7 अंश सेल्सिअसची नोंद झाली होती, यावरून काय ते समजा. डिसेंबर-जानेवारीत वाळवंट छान असतं, पण ग्रँड कॅनियनला बर्फ असू शकतं. दक्षिण काठ सात हजार फुटांवर आहे.

ऑगस्टचाच रविवार जमत असेल तर वाळवंट सोडा आणि समुद्राकाठच्या एक नंबरच्या रस्त्याने उत्तरेला जा. मात्र ऑगस्टच्या मध्यावर मॉन्टेरेला जुन्या गाड्यांचा मोठा सोहळा असतो आणि त्या आठवड्यात हॉटेलांचे भाव गगनाला भिडतात. शिवाय बिग सरच्या भागात दरडी कोसळून रस्ता अधूनमधून बंद असतो, तेही आधी पाहून घ्या.

विमान आणि जेट लॅग

भारतातून येणाऱ्यांनी गुरुवारी किंवा शुक्रवारी उतरावं. इथे जेट लॅग चक्क उपयोगी पडतो. मुंबईहून आलेल्या माणसाला पहिले तीन-चार दिवस पहाटे 3 वाजता टक्क जाग येते. एरवी ती शिक्षा वाटते, पण 5 वाजता उघडणाऱ्या फाटकासाठी याहून चांगला गजर नाही. म्हणून बाजार सहलीच्या सुरुवातीला ठेवा, शेवटी नको. आणखी एक कारण आहे: सुरुवातीला घेतलेला जड माल धुऊन, बांधून, कुणाच्या घरी ठेवून किंवा जहाजाने पाठवून मोकळं होता येतं. सहलीच्या अखेरीस घेतला तर विमानतळावर बॅग उघडून बसायची वेळ येते.

मधल्या शनिवारी लांब कुठे जाऊ नका. फेअरप्लेक्सच्याच आवारात ड्रॅग रेसिंगचं, म्हणजे सरळ पट्टीवरच्या वेगाच्या शर्यतींचं, संग्रहालय आहे, वॉली पार्क्स यांच्या नावाचं. त्यांनी 1951 मध्ये एनएचआरए ही या शर्यतींची संस्था काढली आणि रस्त्यावर चालणाऱ्या शर्यती मैदानात आणल्या. शेजारच्या शर्यतीच्या पट्टीवर 1961 पासून हिवाळी स्पर्धा होतात. जेवायला अर्ध्या-पाऊण तासावर आर्टेशियाच्या पायोनियर बुलेव्हार्डला जा, तिथे दुकानंच्या दुकानं देशी आहेत. पुढच्या रस्त्यासाठी थेपले, चिवडा, लोणचं तिथूनच घ्या. शाकाहारी माणसाचे वाळवंटात खाण्याचे फार हाल होतात, हे मी अगदी मनापासून सांगते.

भाड्याची गाडी

भारतातला इंग्रजीत छापलेला वैध परवाना कॅलिफोर्नियात पाहुण्यांना चालतो. तरीही आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा, कारण गाडी देणाऱ्या कंपनीचे नियम वेगळे असू शकतात आणि काउंटरवर वाद घालून काही मिळत नाही. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. वय 25 च्या खाली असेल तर जादा पैसे पडतात. समोरच्याचं नुकसान भरून देणारा विमा नीट घ्या. स्वतःच्या गाडीचा पत्रा ही त्यापुढे किरकोळ बाब आहे. गाडी जिथून घ्याल तिथेच परत करा, दुसऱ्या शहरात सोडायची तर वेगळी रक्कम लावतात. आणि मोठी गाडी घ्या. मागची सीट आडवी पाडून बंपर मावेल अशी.

रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं, हे एका दिवसात अंगवळणी पडतं. नव्या माणसाची चूक होते ती रिकाम्या पार्किंगमधून बाहेर पडताना, पुढे गाडी नसते आणि हात आपोआप डावीकडे वळतो. लाल दिव्याला पूर्ण थांबून, रस्ता मोकळा असेल आणि मनाईची पाटी नसेल तर उजवीकडे वळता येतं. चारी बाजूंनी थांबण्याची पाटी असेल तिथे जो आधी येऊन थांबला तो आधी निघतो. पोलिसांनी मागून दिवे लावले तर उजवीकडे बाजूला घ्या, काच खाली करा, हात स्टीअरिंगवर ठेवा आणि गाडीतून उतरू नका. आपल्याकडे उतरून पुढे जाणं हे नम्रतेचं लक्षण, इथे त्याचा अर्थ अगदी वेगळा होतो.

पेट्रोलच्या पंपावर कार्ड घातलं की यंत्र पिनकोड मागतं. भारतीय कार्ड तिथे अडतं. आत जाऊन पंपाचा नंबर सांगा, चाळीस डॉलर द्या, उरलेले परत मिळतात. गॅलन म्हणजे 3.785 लिटर.

बाजारात

शनिवारी रात्रीच सामान काढून ठेवा. डोक्याला लावायची बॅटरी, चुंबक, छोटा व्हर्नियर, मोजपट्टी, चिंध्या, हातमोजे, पाणी, टोपी आणि वीस-वीसच्या नोटा. शंभराची नोट पहाटे कुणी मोडून देत नाही आणि एटीएमसमोर रांग असते. ओढता येणारी छोटी गाडी मिळाली तर उत्तम, बाजार चालून पाय भरून येतात. पहाटे हिवाळ्यात चांगलीच थंडी असते आणि 10 वाजता डांबर तापायला लागतं, म्हणून कपडे एकावर एक घाला.

सर्वांत मोलाची तयारी मात्र घरून निघण्याआधीची. तुमच्या गाडीचा जो भाग हवाय त्याचे चारी बाजूंनी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. ओतीव भागावर उठावातले आकडे असतात, ते पुसून, खडू फिरवून टिपून घ्या. भोकांमधलं अंतर मोजा. ‘सत्तेचाळीसच्या शेवरलेचा डिस्ट्रिब्युटर’ (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) एवढं सांगून भागत नाही, विक्रेता आधी ते आकडेच विचारतो.

आता मराठी वाचकांसाठी महत्त्वाचं. आपल्याकडच्या जुन्या अमेरिकन गाड्या खूपशा मुंबईतच जोडलेल्या आहेत. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला कारखाना टाकला होता, आणि महिंद्रांनी 1947 पासून विलीस जीप जोडायला घेतली. त्यामुळे पोमोनाला तुमच्या गाडीची सख्खी भावंडं भेटतात. पण ती डाव्या स्टीअरिंगची. इथेच पैसे बुडतात. इंजिनातले भाग, गिअरबॉक्सच्या आतली चक्रं, ब्रेकचे ड्रम, व्हील सिलिंडर, दाराची हँडलं, ग्रिल, चिन्हं, चाकांच्या टोप्या हे सगळं बहुतेक वेळा बसतं. स्टीअरिंग बॉक्स, डॅशबोर्डचा पत्रा, पेडलांचे दांडे, वायपरची जोडणी हे बसत नाही. हेडलाइटची रिंग खुशाल घ्या, पण आतला दिवा घेऊ नका: इथल्या दिव्याचा डिपर उजव्या कडेला झुकलेला असतो, आपल्या रस्त्यावर तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

दुसरी फसगत व्होल्टची. शेवरले 1955 मध्ये 12 व्होल्टवर आली, त्याआधीच्या गाड्या 6 व्होल्टच्या. तुमच्या गाडीला आधीच्या कुणी 12 ची वायरिंग केलेली असू शकते. स्टार्टर, कॉइल, हॉर्न, पेट्रोलचा काटा घेण्याआधी हे माहीत हवंच.

माल पाहायचा कसा? डिस्ट्रिब्युटरचा दांडा दोन बोटांत धरून आडवा हलवा. बोटांना खुळखुळ जाणवली तर बुश, म्हणजे दांड्याभोवतीची कडी, झिजलंय. कार्बोरेटरच्या थ्रॉटलच्या दांड्याचीही हीच परीक्षा. मग झाकणाची बैठक सपाट पट्टीवर धरून उजेडासमोर न्या. फट दिसली तर ते वाकलंय आणि तिथून हवा ओढणार. वाडग्यात पांढरी भुकटी साचली असेल तर आतून कुजलेलं आहे, स्वस्तात मिळालं तरी नको. सिलिंडर हेड असेल तर व्हॉल्व्हच्या बैठकींच्या मधली जागा चिंधीने पुसून, तिरप्या उजेडात बघा, केसासारखी तड तिथेच असते. क्रोमच्या भागावर चुंबक फिरवा. चिकटलं तर पोलाद, त्यावर पुन्हा क्रोम करणं सोपं. नाही चिकटलं तर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव काम. त्यावर फोड आले असतील तर ते आतून आलेले असतात, चांगला कारागीरही हात जोडतो. असा भाग निर्मळ मिळाला तरच घ्या, मग दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

फिरण्याची रीत अशी: फाटक उघडताच विकायला आलेल्या देखण्या गाड्यांकडे धावू नका, त्या दुपारपर्यंत हलत नाहीत. आधी सुट्या भागांच्या रांगा. पहिल्या दोन तासांत उत्तम माल जातो, आणि बरीच खरेदी बाजारातलेच लोक एकमेकांकडून करतात. फोक्सवॅगन, पोर्शे, कॉर्व्हेट यांच्या वेगळ्या रांगा आहेत. बीटलवाल्यांनी थेट तिकडे जावं. जीपवाल्यांना शोधावं लागतं, कारण त्यांचा माल विखुरलेला असतो, एखाद्या जुन्या ट्रकवाल्याच्या खोक्याच्या तळाशी विलीसचा मूळ कार्टर कार्बोरेटर निघतो. चादरीवर नीट मांडलेल्या दुकानापेक्षा टेम्पोच्या मागच्या फळीवर ओतलेल्या खोक्यांत हात घालायला मला जास्त आवडतं. तिथे विकणाऱ्यालाही आत काय आहे हे पुरतं माहीत नसतं. बहुधा वडिलांचं किंवा काकांचं गॅरेज रिकामं केलेलं असतं, आणि प्रत्येक भागाला मागे एक गोष्ट असते. ऐकून घ्या.

घासाघीस चालते, पण आपल्यासारखी नव्हे. अर्धी किंमत सांगून पाठ फिरवली तर इथे कुणी मागून हाक मारत नाही. आधी गाडीबद्दल बोला, तुमच्या शेवरले फ्लीटमास्टरचा किंवा जीपचा फोटो दाखवा. मुंबईत जोडलेली उजव्या स्टीअरिंगची शेवरले पाहून शेजारचे दोन विक्रेतेही जमतात आणि मग त्यांना माहीत असलेला दुसरा कुणी सुचवतात. त्यानंतर ‘वुड यू टेक फॉर्टी?’ एवढंच. साठ सांगितले असतील तर पन्नासवर जमतं. मालाला नावं ठेवून भाव पाडायला जाऊ नका, माणूस दुखावतो. दोन-तीन वस्तू एकत्र घेतल्या तर जास्त सुटतं. दुपारी 12 नंतर भाव उतरतात हे खरं, पण तोवर बरेच जण गाशा गुंडाळून निघालेले असतात, म्हणून खरोखर हवा असलेला भाग त्या आशेवर सोडू नका.

घेतलं की लगेच दुकानाचा आणि रांगेच्या खुणेचा फोटो काढा, कागदावर वस्तू आणि रक्कम लिहून सही घ्या. ही चिठ्ठी पुढे कस्टमला लागते.

दुपारी हॉटेलवर आल्यावर झोप काढा. त्या दिवशी पुढे गाडी चालवू नका.

सोमवारी सकाळी

आधी मालाची व्यवस्था. विमानात इंजिनाचे जुने भाग न्यायचे तर ते पूर्ण कोरडे हवेत. पेट्रोलचा किंवा तेलाचा वास आला तरी विमान कंपनी नाकारते, आणि ते बरोबरच आहे. ऑटो पार्टच्या दुकानातून डीग्रीझर घ्या, ब्रशने घासा, उन्हात ठेवा. गॅसचे शॉक ॲब्सॉर्बर आणि बॅटऱ्या विमानाने न्यायच्या भानगडीत पडू नका. जड लोखंड इथे राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवा किंवा समुद्रमार्गे पाठवा. बाकीचं सगळं जुन्या टॉवेलांत गुंडाळून गाडीच्या डिकीच्या तळाशी.

मग फुटहिल बुलेव्हार्डला लागा. हाच जुना 66 नंबरचा रस्ता, शिकागो ते सांता मोनिका, 1926 मध्ये नंबर मिळालेला आणि 1985 मध्ये नकाशावरून अधिकृतपणे काढलेला. पोमोनाच्या उत्तरेलाच क्लेअरमाँटमध्ये तो भेटतो. सिग्नल खूप आहेत, तरी सॅन बर्नार्डिनोपर्यंत त्यावरूनच जा. वाटेत तंबूच्या आकाराच्या खोल्यांचं विगवॅम मोटेल आहे, आणि मॅकडोनल्ड बंधूंनी 1940 मध्ये जिथे पहिलं उपाहारगृह उघडलं ती जागाही याच शहरात आहे. पुढे कहोन खिंड चढली की झाडं संपतात. रात्री बार्स्टोला मुक्काम.

मंगळवार: वाळवंट

बार्स्टोला टाकी गच्च भरा. माणशी चार लिटर पाणी गाडीत हवं. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, तासन् तास रेंज नसते. लडलोला महामार्ग सोडून जुन्या रस्त्याने ॲम्बॉयला जाता येतं. तिथे रॉयज मोटेल आणि कॅफेची 1959 ची उंच पाटी आहे, आणि जवळच विझलेल्या ज्वालामुखीचं काळं तोंड. ॲम्बॉयच्या पुढे पुराने लाकडी पूल खचून रस्ता अनेकदा बंद असतो. बंदची पाटी दिसली तर तिला वळसा घालायचा मोह नको, मागे फिरून महामार्ग धरा. भाड्याच्या गाडीने कच्च्या रस्त्यावर जाणं करारात मना असतं, आणि वाळूत चाक रुतलं तर मदत दूर आहे. गाडी बंद पडली तर सावलीला गाडीजवळच थांबा, चालत सुटू नका.

नीडल्सला पेट्रोल फार महाग. कोलोरॅडो नदी ओलांडून ॲरिझोनात भरा. तिथून ओटमनचा घाट. अरुंद, कठड्याशिवायचा, वळणावळणांचा. चाळीस फुटांहून लांब गाड्यांना तिथे बंदीच आहे. वरंधा किंवा आंबा घाट चालवलेल्याला जमेल, पण दिवसाउजेडी. ओटमनमध्ये सोन्याच्या खाणवाल्यांनी सोडलेल्या गाढवांचे वंशज रस्त्यात उभे असतात. हळू जा, खायला देऊ नका. मुक्काम किंगमनला. हिवाळ्यात ॲरिझोनाचं घड्याळ कॅलिफोर्नियाच्या एक तास पुढे असतं, उन्हाळ्यात सारखंच. ॲरिझोना घड्याळ बदलत नाही, बदलतो तो कॅलिफोर्निया.

बुधवार, गुरुवार

किंगमन ते सेलिगमन हा 66 चा सगळ्यात छान तुकडा, साधारण 87 मैल, जवळजवळ रिकामा. सेलिगमनमध्ये एंजल डेल्गाडिलो या न्हाव्याने गावकऱ्यांना गोळा करून 1987 मध्ये या रस्त्यासाठी संघटना उभी केली. महामार्ग बाजूने गेल्यावर गाव ओस पडलं होतं, आज तिथे बस थांबतात. जुन्या गाडीवर जीव असलेल्या माणसाने इथे तासभर तरी रेंगाळावं. पुढे विल्यम्स, आणि तिथून साठ मैलांवर ग्रँड कॅनियन. परदेशी पाहुण्यांना 2026 पासून काही मोठ्या राष्ट्रीय उद्यानांत जादा शुल्क आहे, त्यांत ग्रँड कॅनियन येतो, तेव्हा खर्चात ते धरा. सूर्यास्त पाहून रात्री विल्यम्सला परत येताना वेग कमी ठेवा, एल्क नावाची मोठी हरणं रस्त्यावर येतात आणि मोठ्या एल्कचं वजन बैलाएवढं भरतं.

परतीचा रस्ता

शुक्रवारी किंगमनमार्गे हूव्हर धरणाजवळून लास व्हेगास. धरण 1935 मध्ये पुरं झालं, शेजारच्या पुलावरून चालत जाऊन पाहता येतं. व्हेगासला एक रात्र पुरे. शनिवारी सकाळी लवकर निघा. रविवारी दुपारी अख्खं दक्षिण कॅलिफोर्निया त्याच रस्त्याने घरी परतत असतं आणि चार तासांच्या वाटेला आठ लागतात. कॅलिफोर्नियाच्या हद्दीत शिरताना शेतीखात्याचं नाकं लागतं, फळं आहेत का विचारतात. असतील तर असतील म्हणून सांगा.

हजारेक मैलांचा हा फेरा. रविवारच्या विमानाआधी बॅगा हॉटेलात वजन करून घ्या, बहुतेक कंपन्या 23 किलोच्या बॅगा घेतात. भाग कपड्यांत असे गुंडाळा की तपासणाऱ्याला उलगडून पुन्हा ठेवता येतील. वर एक कागद ठेवा: वस्तूचं नाव, कुठल्या गाडीचा भाग, किती सालचा, किती डॉलरला. हाताच्या पिशवीत पाने, पक्कड, जड लोखंड नको. आणि सह्या घेतलेल्या चिठ्ठ्या पासपोर्टबरोबर ठेवा, मुंबईत उतरल्यावर सवलतीच्या मर्यादेपेक्षा माल जास्त असेल तर स्वतःहून लाल मार्गाने जा आणि त्या पुढे करा.